हातमोज्यावरच्या चुण्या

मेव्हण्याचं ते पत्र चार वर्षं माझ्या शब्दकोशात खूण म्हणून पडून होतं. 'दाजी, अंतराळात कुणी गेलेलंच नाही; ताईनं जन्मभर सिनेमाचे कपडे शिवले. निर्वात जागेत हवा भरलेला पोशाख फुग्यासारखा फुगेल, बोटसुद्धा वाकणार नाही. उत्तर असेल तर कळवा.'

ही, म्हणजे त्याची ताई, ते वाचून हसली होती. "मी शिवते, तुम्ही लिहा. वाटणी ठरलेलीच आहे."

मी ग्रंथपाल, विज्ञान पुठ्ठ्यावरून ओळखणारा. चुकलं तर, म्हणून उत्तराचे तीन मसुदे फाडले. मग ही गेली.

परवा त्याचा फोन आला. "घराण्याची पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. ताईच्या नावापुढे नुसतं 'शिवणकाम' लिहितो. उगाच हसं नको."

"तिनं अंतराळवीरांचे हातमोजे शिवलेत."

"दाजी, उशिरा पुस्तक आणणाऱ्यालाही तुम्ही कधी बोलला नाहीत. सोडा."

नाही सोडलं. हिच्या शिवणाच्या डब्यातून हातमोज्याचा कागदी नमुना काढला. भांडी घासायच्या रबरी मोज्याचं तोंड सायकलच्या पंपाला बांधून हवा भरली, म्हणजे अंतराळासारखा आत दाब जास्त, बाहेर कमी. मोजा गाईच्या कासेसारखा फुगला.

नमुन्यावर बेतून न ताणणाऱ्या जाड कापडाचा मोजा शिवला, वरून चढवला. टायरनं ट्यूब आवरावी तसं फुगणं थांबलं. पण बोटं काठीसारखी ताठ. मेव्हणा निम्मा जिंकला होता.

मग लक्षात आलं. पानाचा कोपरा दुमडलेला मला खपत नाही. नमुन्यावरच्या आडव्या घड्या मीच इस्त्रीनं सपाट केल्या होत्या. त्या हिच्या चुण्या होत्या, प्रत्येक सांध्यावर तीन. उसवलं, चुण्या घालून पुन्हा शिवलं, हवा भरली. बोट दाबलं. वाकलं.

तेव्हा लिहायला बसलो.

'रबर हवा धरतं, कापड रबराला धरतं, चुण्या बोटाला वाकू देतात. आतल्या हवेचा दाबही आपल्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असतो. तरी बोटं दमतात, हे तुझी ताईच सांगायची. तिच्या कारखान्यात रोज संध्याकाळी शिवणाऱ्या प्रत्येकीच्या टाचण्या मोजून घेत. एक आत राहिली तर रबराला भोक आणि माणूस जिवाला मुकणार. सिनेमाच्या कपड्यांसाठी टाचण्या कोण मोजतं? सोबतच्या मोज्यात हवा भरून बघ. मग तिच्या नावापुढे तिचं काम लिही, नाहीतर पुस्तिकेतून माझंही नाव काढून टाक.'

टपालखिडकीतल्या बाईंनी पुडकं चाचपलं. "काय आहे आत?"

"पत्र आणि हातमोजा."

"एकच?"

"एक पुरे," मी म्हणालो, आणि शिक्का पडेपर्यंत तिथून हललो नाही.