लिंबू-मिरचीची तार

संपात गिरणी गेल्यावर दत्तारामने भांडुपच्या खाडीत मासेमारीसाठी होडी आणि जुनाट आउटबोर्ड इंजिन घेतलं. पहिल्या दिवशी ते झकास चाललं. म्हणून बायकोने, जानकीने, त्यावर लिंबू-मिरची बांधली आणि तेव्हापासून ते मेलं. प्लग बदलला, दोरी ओढून खांदा निखळायला आला, इंजिन विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या. शेवटी दिसलं, लिंबू-मिरचीची तार इंजिन बंद करायच्या बटणाच्या उघड्या वायरला आणि पत्र्याला टेकलेली. म्हणजे बटण सतत दाबलेलंच! दत्तारामने ती उपटून खाडीत भिरकावली. एका ओढीत इंजिन धडधडलं.

"आता तरी कोणाची दृष्ट नको लागूक," म्हणत शेजारी उभ्या जानकीने, दत्ताराम "अगो, नको" ओरडेपर्यंत, ताजी लिंबू-मिरची त्याच जागी अडकवलीसुद्धा.

इंजिन गप्प.

"बघलात? लागली लगेच!"