गुंगीतलं गाऱ्हाणं

“पण मी बोलेन का हो त्यात?” बाळाने विचारलं.

डॉक्टर तेजल गोंधळली. बोरीवलीतल्या तिच्या दवाखान्यात येणारी माणसं ‘दुखेल का’ असं विचारत, ‘किती’ असं विचारत. बोलायची हौस घेऊन दाढ काढायला आलेला हा पहिलाच.

“काका, परत सांगते. तुमच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या आहेत, हाड कापून काढाव्या लागतील. एका वेळी एक. नुसतं इंजेक्शन घेतलंत तर जबडा बधीर होईल, पण तुम्ही जागे. दुखलं की डावा हात वर करायचा, मी थांबते. दुसरं, नाकावर मास्क लावून गॅस. हलकं वाटतं, मास्क काढला की लगेच माणसात. तिसरं, हाताच्या शिरेतून गुंगीचं औषध. त्याला भूलतज्ज्ञ येतात. विचारलं तर तुम्ही उत्तर देता, पण नंतर काही आठवत नाही. पूर्ण भूल हॉस्पिटलात, ती तुम्हाला नको.”

“तिसऱ्यात मनातलं बाहेर येतं?”

“काही जण काहीही बडबडतात. एका आजोबांनी भूलतज्ज्ञांना मेव्हणा समजून शिव्या घातल्या.” तेजल हसली. “गुंगीतलं कोणी मनावर घेत नाही.”

“मग तिसरंच द्या.”

“बावन्नाव्या वर्षी अक्कलदाढ,” बाळाची बायको रत्नप्रभा डॉक्टरला म्हणाली, “आणि तीही आडवी पडलेली. उभं राहणं यांच्या कुंडलीतच नाही हो.”

यात खोटं काही नव्हतं. बाळा गावडे लग्नाच्या हॉलमध्ये बुकिंग बघायचा. वरपक्ष ओरडला की ‘होईल’, वधूपक्ष ओरडला की ‘होईल होईल’, आणि केटरर ओरडला की स्वतःच पाण्याचे जग उचलायचा. घरचा सरावच तसा होता. गावी गणपतीत थोरला भाऊ सीताराम हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि मागे उभ्या भावकीने प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यात बाळाचा आवाज सगळ्यात खणखणीत. लहानपणी या आवाजाचं कौतुक व्हायचं. पुढे दुसरं काही कौतुकासारखं घडलं नाही, त्यामुळे तेच चालू राहिलं.

वडील जाताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, मागल्या दाराची खोली बाळाची. वडील गेले, खोलीत एसी आला. सीतारामने तिथे पैसे घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पुण्याची माणसं त्या खोलीत पाय पसरून कोकणाच्या शांततेबद्दल बोलत आणि गणपतीला गेलेली रत्नप्रभा पडवीत नणंदांच्या पोरांच्या लाथा खात झोपे. “तोंड आहे ना तुम्हाला?” ती दरवर्षी परतीच्या गाडीत विचारायची. बाळाला तोंड होतं. दादासमोर मात्र त्यात जीभ नसायची.

आता गुंगीच्या औषधाने ती सोय केली होती. बोलायचं, आणि जबाबदारी औषधाची! दादा चिडलाच तर म्हणता येईल, अरे, मला काही आठवतच नाही. आणि बोललेलं तर दादाच्या कानात राहीलच. गुंगीनंतर सोबत जबाबदार माणूस हवा, असा दवाखान्याचा नियम होता. बाळाने मुलुंडला राहणाऱ्या दादाला फोन लावला.

“बायल खंय गेली तुझी?” सीतारामने विचारलं.

“ती घाबरता. घरातला थोरला माणूस होया म्हणतत.”

‘थोरला’ म्हटलं की सीताराम कुठेही यायचा.

आदल्या संध्याकाळी हॉल रिकामा होता. बाळा स्टेजवर चढला आणि नवरदेवाच्या लाल खुर्चीसमोर उभा राहून म्हणाला, “दादा, बाबांनी ती खोली मला दिली होती. माझी मला दे.” पहिल्यांदा आवाज चिरकला. नंतर जमलं. शेवटी तर त्याने खुर्चीवर बोटही रोखलं.

सकाळी उपाशीपोटी तो दवाखान्यात गेला. सोबत सीताराम, आणि गाडी चालवायला त्याचा मुलगा निलेश. भूलतज्ज्ञांनी शीर शोधली. बाळा मनातल्या मनात वाक्य म्हणत होता. दादा, बाबांनी ती खोली…

डोळे उघडले तेव्हा तो घरी पलंगावर होता. गाल सुजलेला, तोंडात कापूस. दार ओढून घेतलेलं होतं.

“बोललो का मी?” त्याने कापसातून विचारलं.

रत्नप्रभाने गार केलेली पेज त्याच्यासमोर ठेवली. “बोललात ना. बघा.” तिने मोबाइल पेजेच्या वाटीला टेकवून उभा केला आणि ती स्वयंपाकघरात गेली. व्हिडिओ निलेशने घेतला होता आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.

दवाखान्यातली खुर्ची. तिच्यात बाळा, मान कलती, डोळे अर्धे मिटलेले. समोर सीताराम.

“दादा,” व्हिडिओतला बाळा म्हणाला. त्याने बोटसुद्धा उचललं होतं. “बाबांनी ती खोली…”

सीतारामने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि गणपतीपुढे लावतो तो खर्ज लावला.

“बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज दाढ काढल्यान, तेका बरा कर रे म्हाराजा!”

बाळाचं बोट खाली आलं. दोन्ही हात जोडले गेले.

“व्हय म्हाराजा!” कापूस असूनही खणखणीत.

“तेची इडापिडा टाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मागल्या दाराची खोली तेना राजीखुशीन थोरल्या भावाक दिल्यान हा, ता मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

निलेशच्या हसण्याने चित्र हलायला लागलं. मागून तेजलचा आवाज आला, “आज त्यांच्याकडून कुठल्या कागदावर सही घेऊ नका हां, औषधाचा असर आहे.” त्यावर सीताराम डोळे पुसत म्हणाला, “सही कित्याक होयी, डॉक्टर? देवान ऐकल्यान ना!”

बाळाने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. ‘बाबांनी ती खोली’ इथे थांबवला. बोट उचललेला तो माणूस बराच वेळ स्क्रीनवर तसाच राहिला. मग स्क्रीन काळी झाली.

त्या वर्षी गणपतीत त्या खोलीबद्दल पहिल्यांदाच उघड चर्चा झाली. म्हणजे कोणीतरी विषय काढला आणि पोरांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ केलं. रत्नप्रभाने पडवीत अंथरूण घातलं. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. तिने काहीही विचारलं नाही. बाळाला त्याची सवय नव्हती.

दुसरी दाढ दिवाळीनंतर ठणकायला लागली.

“या वेळीपण तिसरंच ना, काका?” तेजलने हसत विचारलं. व्हिडिओ दवाखान्यातही पाहिला गेला होता. “सोबत कोण आलंय?”

“कोणी नाही. नुसतं इंजेक्शन द्या.”

“सगळं कळेल हां तुम्हाला.”

“कळू दे.”

इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला. पण मुळाशी सूज होती, तिथे औषध नीट पोचलं नाही. यंत्र सुरू झालं. हाडात काहीतरी पेटलं आणि थेट कानापर्यंत गेलं.

“दुखतंय का, काका?” तेजलने विचारलं. “दुखत असेल तर डावा हात वर करा. मी थांबते.”

बाळाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानात उतरलं. तेजल खाली वाकली होती, तिला दाढ दिसत होती, कान दिसत नव्हता. तिने क्षणभर वाट पाहिली.

“किती छान,” ती नर्सला म्हणाली. “सगळे पेशंट असे असते तर.”

आणि तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. बाळाचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता. बोटं पांढरी पडली होती. हात तिथेच राहिला.