कुत्र्यांसाठीची फळी

सोनईच्या कार्यशाळेत बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुली वाती वळतात आणि आठवड्यातून एकदा सिल्व्हिया बाईंचा तास असतो. विषय शरीराचा. आपल्या अंगावर कुणाचा हात चालतो, कुणाचा नाही, नको असेल तर मोठ्यानं कसं सांगायचं. बाई भिंगारच्या, बोलायला चोख. मागच्या तासाला त्यांनी शिकवलं, की कपडे बदलताना दार लावायचं आणि दुसऱ्यानं विचारल्याशिवाय आत यायचं नाही.

धनश्री बावीस वर्षांची. तिला नियम कळला की कळला. तुमच्या-आमच्यासारख्या पळवाटा ती शोधत नाही. पण ती शनिशिंगणापूरची, आणि शनिदेवाच्या भरवशावर गावातल्यासारखीच तिच्या घरच्या चौकटींना दारंच नाहीत. खोलीला नुसता पडदा. तिनं कपडे बदलणंच बंद केलं.

अंगाला वास यायला लागला तशी तिची आई लंकाबाई कार्यशाळेत येऊन थडकली. पोरगी गुमान वाती वळत होती, तिला नसते धडे दिले, आता ती उद्यापासून येणार नाही, असं तिनं ठणकावलं. दार बसवा म्हणायची बाईंची काही छाती झाली नाही. त्या तिच्याबरोबर घरी गेल्या.

धनश्री खोलीत बसली होती, धुतलेला ड्रेस मांडीवर घेऊन. बाई काही बोलणार तोच तिचा काका बन्सी पडदा सारून आत आला आणि खुंटीवरची टोपी घेऊन गेला. माणूस वाईट नाही. पडद्याला विचारून आत जायचं असतं, हे त्याला ठाऊकच नाही.

धनश्री उठली. घराच्या तोंडाशी एक फळी असे, रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून टेकवायची. ती तिनं ओढत आणली.

"ती कुत्र्यासाठी हाय," लंकाबाई म्हणाली. "आपल्यात दार लावत न्हाईत."

"आपन कुत्र्याला थांबवतो," धनश्री म्हणाली. "काकाला पन थांबवू."

फळीला ना बिजागरी, ना कडी. देवानं रागवावं असं तिच्यात काहीच नव्हतं. ती चौकटीला टेकवून धनश्रीनं आत कपडे बदलले, वर केसही विंचरून आली.

लंकाबाई फळीकडे बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती साडी बदलत आली होती ती पाठ भिंतीला लावून, कान पडद्याकडे ठेवून, अर्ध्या ओल्या अंगानं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे, हेच तिला कुणी शिकवलं नव्हतं. राग येतो तो याचा.

धनश्री फळी परत न्यायला लागली.

"ऱ्हाऊ दे तितंच," लंकाबाई म्हणाली. पोरगी उद्या येईल, असं जाता जाता बाईंना सांगून ती दांडीवरची साडी घेऊन आत गेली.

थोड्या वेळानं बन्सी मोबाईलचा चार्जर शोधत आला. फळीसमोर धनश्री उभी होती.

"थांबा काका. आई हाय आत. आदी इचारा."

बन्सी गोंधळला. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला विचारलं, येऊ का आत.

"न्हाई," आतून लंकाबाई म्हणाली, आणि निवांत निऱ्या घालत राहिली.