दांडीच्या दारावरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. कारखान्यावरचा नव्हे; तो भोंगा मोठ्या घरचा असतो. मी मात्र साबणाच्या डबीत राहतो.

दांडी गावातल्या हेमालीने मला घडवले. तिचे बाबा, महादू तांडेल, यांना सगळ्याचा विसर पडत चालला होता. होडी कधीच विकली होती, तरी भरती लागली की ते समुद्राकडे निघत. म्हणून हेमालीने बोईसरहून छोटा सर्किट बोर्ड, हालचाल टिपणारा सेन्सर आणि बझर आणला. मोबाइलवर बघत तारा जोडल्या. पहिल्यांदा त्या उलटसुलट जोडल्या गेल्या आणि मी चांगलाच तापलो. मग मला घराच्या दारावर बसवून तिने माझ्यात एवढेच भरले: समोर ऊबदार अंग हलले की लाल दिवा लाव आणि ओरड.

मी ओरडलो की तिची आई हिराबाई धावत येई.

"सोड, भरती आलीय, होडी काढायची हाय," बाबा म्हणत. ती हात धरून त्यांना आत नेई.

"पोरीनं बापावर राखणदार ठेवला," शेजारची शकू म्हणाली. माझी छाती फुगली. पण समोरून कोंबडी गेली तरी मी ओरडे, आणि कौतुक आटले.

हेमालीचा साखरपुडा ठरला. पालघरच्या मंडळींना बाबांचे दुखणे सांगितले नव्हते.

साखरपुड्याच्या सकाळी हेमालीने विचारले, "आई, हा ओरडला तर काय सांगायचं?"

"काढ त्याची वायर, बाय. आजचाच दिस. मी हाय ना बाबांकडे बघाया."

हेमालीने बझरची तार उपटली. जिने वाचा दिली, तिनेच ती काढून घेतली.

चहा चालला होता. बाबा नवा सदरा घालून माझ्यासमोरून बाहेर पडले. मी पाहिले. लाल दिवा लावला. आत सगळे हसत होते, दिव्याकडे कोण बघणार?

ओहोटीला गावकऱ्यांनी बाबांना किनाऱ्यावरून उचलून आणले. माझा दिवा लागला, पण तो आणणाऱ्यांच्या उबेने; बाबांच्या अंगात ऊब उरली नव्हती.

हेमालीने त्याच संध्याकाळी तार पुन्हा जोडली. का, ते तिलाही सांगता येणार नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाचे दुखणे चारचौघांत लपवू नका. लाजेपायी राखणदाराचे तोंड बांधू नका. आणि कधी दांडीला आलात, तर माझी तार कायमची काढून टाका. अजूनही कोंबडी गेली की मी ओरडतो, आणि हिराबाई हातातले टाकून दाराशी धावत येते. मला ते बघवत नाही.