बंद केलेली गोळी

आमच्या मेडिकलच्या दुकानात काउंटरच्या डाव्या बाजूला एक लोखंडी स्टूल आहे. माझ्या वडिलांनी, साहेबरावांनी, ते म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी आणलं होतं. वडील गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं आणि स्टूल दत्तोपंतकाकांकडे.

काका समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी स्वरदा टोरांटोला. रोज संध्याकाळी पाचला ते जिना उतरून यायचे, स्टुलावर बसायचे आणि माझा पेपर वाचून मलाच बातम्या सांगायचे. जायकवाडी धरणात किती साठा उरला, बायपास रोडला घरांची कुठली नवी स्कीम पडली. साडेपाचला उठायचे. मी दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. कित्येक दिवस असे जायचे की औषधाचं नाव आणि जेवणाआधी की नंतर, यापलीकडे मी जे काही बोलले असेन ते त्या अर्ध्या तासातच.

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. सकाळी बीपीची गोळी, रात्री कोलेस्टेरॉलची. दोन्ही माझ्याकडूनच न्यायचे. दिवाळीनंतर एकदा त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, की रात्रीची गोळी डॉक्टरांनी बंद केली, रिपोर्ट चांगला आला म्हणून. मी बरं म्हटलं. खरं तर हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाची ही गोळी रिपोर्ट चांगला आला म्हणून कोणी बंद करत नाही. गोळी चालू असते म्हणूनच रिपोर्ट चांगला येतो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे काम करणारी मनकर्णाबाई एका खोक्यात कांदे घेऊन जाताना दिसली. खोक्यावर ऑनलाइन औषधं पाठवणाऱ्या एका कंपनीचं नाव होतं आणि खाली काकांचा पत्ता. मला उमगलं. रात्रीची गोळी बंद झाली नव्हती, मुलगी टोरांटोहून ती ऑनलाइन मागवत होती. वाईट वाटलं, नाही असं नाही. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. पण बीपीची गोळी ते माझ्याकडूनच नेत राहिले. महिन्याच्या एकदम देते म्हटलं तरी दहाची एकच पट्टी घ्यायचे. मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत.

पुढचं २०१९च्या उन्हाळ्यातलं. नळाला सहा दिवसांनी पाणी यायचं. मे महिन्यात काकांना खोकला झाला. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, दिवसातून दोनदा, सात दिवस. डॉक्टरांनाही त्यांनी फक्त बीपीची गोळी सांगितली होती. डॉक्टरांचं आणि माझं रोज बोलणं होतं, हे त्यांना माहीत होतं.

चिठ्ठी घेऊन मी नेहमीचा प्रश्न विचारला. दुसरं काही चालू आहे का?

काका माझ्यामागच्या कपाटाकडे बघत म्हणाले, "बीपीची तेवढी. तुला माहीतच आहे."

मला खोकंही माहीत होतं. पट्टी हातात धरून मी क्षणभर थांबले. मग पाकिटात घातली, त्यावर दोन उभ्या रेघा काढल्या, सकाळ आणि रात्र. पुन्हा विचारलं नाही. माणूस लपवतोय तर लपवू दे, असं काहीतरी माझ्या मनात होतं. त्याला मी तेव्हा मोठेपणा समजत होते. तो रुसवा होता.

त्या पाकिटात काय होतं हे शहरातल्या थोड्याच लोकांना माझ्याइतकं नीट माहीत असेल. आपलं यकृत स्वतः कोलेस्टेरॉल तयार करतं. काकांची रात्रीची गोळी, म्हणजे स्टॅटिन, त्या कामातली एक पायरी अडवते. यकृताला कमी पडलं की ते रक्तातलं ओढून घेतं आणि रक्तातलं उतरतं. काम झालं की काका घेत त्या प्रकारची गोळी यकृतच एका एन्झाइमच्या मदतीनं मोडून टाकतं. क्लॅरिथ्रोमायसिन नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतं. मग कालची गोळी पुरती जायच्या आत आजची येते, तिच्यावर उद्याची. क्वचित एखाद्याचे स्नायू त्या भारानं फुटायला लागतात. फुटलेल्या स्नायूंचा गाळ रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. हे क्वचितच होतं. पण माणूस सत्तरीपुढचा असला, अंगानं किरकोळ असला आणि पाणी कमी पीत असला, तर तितकं क्वचित राहत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. चांगले मार्क मिळाले होते.

चार दिवस काका आले. पाचव्या दिवशी नळाला पाणी होतं आणि ते आले नाहीत. पाण्याच्या दिवशी सगळेच थकतात. सहाव्या दिवशीही स्टूल रिकामं राहिलं. पाच वाजता मी समोरच्या जिन्याकडे पाहिलं आणि पेपर घडी घालून ठेवला. वर जाऊन बघावं असं वाटलं, पण इतक्या वर्षांत मी कधी त्यांच्या घरी गेले नव्हते.

सातव्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई आली. ती बिडकीनकडची. शेत एमआयडीसीत गेलं तेव्हापासून या भागात चार घरची कामं करते.

"ताई, बाम द्या एक. काकाचे पाय लई धरलेत. मांडीला हात लावू देत नायत."

मी विचारलं, कशानं. पाण्याच्या दिवशी खालच्या हौदातून सहा बादल्या एकट्यानं वर नेल्या म्हणाली. मी बाम काढून काउंटरवर ठेवला. सहा बादल्या आणि तीन जिने, कोणाचेही पाय धरतील. ती बामची डबी पदरात बांधत हसली.

"पानी बी पीत नायत, वाचवतेत. संडासात बी दिवसातून एकदाच पानी टाकायचं म्हणं. आज धुवाया गेले तर काळा चहा वतल्यावानी. म्या म्हणलं, काका, माझा चहा आवडंना तर तोंडानं सांगा, असा वतू नगा."

बादल्या उचलून लघवी काळ्या चहासारखी होत नाही. पाणी कमी प्यायल्यानं गडद पिवळी होते, इतकी काळी नाही. तशी ती फुटलेल्या स्नायूंच्या गाळानं होते. मी तिच्या पदरातली डबी परत मागितली. तिला काही कळेना. मी शटर अर्धं ओढलं आणि तिच्याबरोबर जिना चढले.

काका पलंगावर उताणे पडले होते. मला बघून उठायला गेले आणि जमलं नाही. उशाशी दोन पट्ट्या होत्या, एक माझ्या दुकानातली, एक नव्हे. दुसऱ्या पट्टीवर त्यांनी हळूच पेपर सरकवला. मी पेपर उचलला. ॲटोर्वास्टॅटिन, ऐंशी मिलिग्रॅम.

"काल रात्री घेतली का?"

"घेतली," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "रोजच घेतो."

कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले अप्पाराव आणि आम्ही दोघी, तिघांनी मिळून त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. रिक्षात मी दोन्ही पट्ट्या मुठीत धरून बसले होते. मोठ्या दवाखान्यात पट्ट्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांसमोर ठेवल्या आणि तारखा सांगितल्या. डॉक्टर तरुण होता. त्यानं पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि आणखी काही विचारलं नाही. स्नायू किती फुटलेत ते सांगणारं सीपीके दोनशेच्या आत असायला हवं, ते अडतीस हजार होतं. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिनही वाढलेलं. सलाइन लावलं. मूत्रपिंडं तग धरतात की डायलिसिस लागतं, हे दोन दिवसांत कळेल म्हणाला.

त्या दोन दिवसांत मी स्वरदाशी फोनवर बोलले. तिला अँटिबायोटिक माहीत नव्हतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना स्टॅटिन माहीत नव्हतं. दोन्ही माहीत असणारी मी एकटीच होते. हे मी तिला सांगितलं.  तिनं विचारलं, बाबा जेवले का.

तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग उतरला. क्रिएटिनिन थांबलं, मग खाली यायला लागलं. मी दुपारी दुकान बंद करून गेले होते. काकांचा आवाज बारीक झाला होता.

"स्वरदानं रात्रीची गोळी परस्पर तिकडून मागवायला सुरुवात केली. तिला नाही कसं म्हणणार? मग निदान बीपीची तरी तुझ्याकडून." त्यांनी चादर सारखी केली. "काही न घेणाऱ्या माणसानं रोज येऊन बसायचं कशाच्या जोरावर?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "खोकं पाहिलं होतं मी. चिठ्ठी आणलीत त्या दिवशीही माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते विचारतील की मग बोलली का नाहीस. ते सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. शेजारच्या खाटेवरची बाई नातवाला फोनवर काहीतरी रागावून सांगत होती. आम्ही दोघं तिचं ऐकत बसलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काका काठी टेकत आले. आभाळ कोरडंच होतं. त्यांनी सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरांनी रात्रीची गोळी आता खरोखरच बंद केली आहे. दोन महिन्यांनी वेगळ्या जातीची, थोड्या मात्रेत देऊन बघणार. मग ते स्टुलाजवळ उभे राहिले आणि सवयीनं खिशात हात घातला.

"बीपीची एक पट्टी दे."

"दवाखान्यातून महिन्याच्या दिल्यात तुम्हाला. मीच पिशवीत भरल्यात."

त्यांचा हात खिशातच राहिला. स्टुलावर धूळ बसली होती. मी काउंटरच्या बाहेर आले, फडक्यानं ते पुसलं, पेपर त्यावर ठेवला आणि परत आत गेले. ते बसले. जायकवाडीची बातमी वाचून दाखवली. मृतसाठाही कमी झाला होता.

"काका," मी विचारलं, "दुसरं काही चालू आहे का?"

या वेळी त्यांनी कपाटाकडे पाहिलं नाही. विचार केला, बोटांवर मोजलं. "खालच्या वच्छलाबाईंनी कसलंसं चूर्ण दिलंय. पाय दुखतात म्हणून."

"कसलं?"

"ते नाही विचारलं."

"घेऊ नका. उद्या डबी घेऊन या."

"पाचला येतो," ते म्हणाले, जशी काही मला वेळ माहीतच नव्हती.