छपरावर धावलेली मोटार

मला भंगार म्हणणाऱ्या मित्रांनो, जरा थांबा. मी एक जुनी मोटार आहे. माझे छत फाटले आहे, गादीत उंदरांनी संसार मांडला आहे आणि पुढचा एक दिवा तिरपा पाहतो. हे सगळे खरे. पण माझी कीव करू नका. धरणगावच्या या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, सरकीच्या पोत्यांशेजारी, मी मान ताठ ठेवून उभी आहे. का, ते सांगते.

इटली देशात तुरीन नावाचे शहर आहे. तिथे १८९९ साली फियाट नावाचा कारखाना सुरू झाला. त्याच्या गाड्यांनी मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. पहिल्या महायुद्धात त्याने मालमोटारी आणि विमानांची इंजिने बनवली, युद्ध संपल्यावर शेतात चालणारे ट्रॅक्टर बनवले. मी जिथे जन्मले ती इमारत पाच मजली. तळमजल्यावर सामान आत जाई आणि एकेका मजल्यावर अंग भरत भरत गाडी वर चढे. तयार झालेली गाडी थेट छतावर निघे. त्या छतावर गाड्या धावण्यासाठी रस्ता होता! एक किलोमीटरहून लांब, दोन्ही टोकांना वाटीच्या काठासारखा वर उचललेला. तिथे पळवून पाहिल्याशिवाय गाडीला बाहेर सोडत नसत. मीही तिथे धावले. खाली शहर, समोर बर्फाचे डोंगर. मग माझ्या कपाळावर एक लाल गोल पाटी बसली. तिच्याभोवती पानांची माळ आणि मधोमध कारखान्याचे नाव.

बोटीने मुंबई, मुंबईहून आगगाडीने खानदेश. १९२७ साली धरणगावच्या मोहनलाल शेठांनी मला घेतले. त्यांचे कापसाचे जिन होते. मला चालवायला त्यांनी चुडामणची नेमणूक केली. चुडामण त्याआधी शेठांची दमणी हाकत असे. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. जळगावचे मिस्त्री जीवराम यांच्याकडे महिनाभर राहून तो मोटार चालवायला शिकला. पण बैलांची सवय सुटली नाही. चढ आला की तो जिभेने टकटक करी आणि थांबायचे झाले की ब्रेक दाबता दाबता "हो, हो, हो" म्हणे.

शेठांनी त्याला सांगितले होते, "चुडामण, ही बावीस घोड्यांची गाडी आहे बरं."

त्याने माझे झाकण उघडून आत पाहिले, पुन्हा लावले आणि बायकोला, तानुबाईला अहिराणीत म्हणाला, "पोटमा बावीस घोडा शेत, आनि वैरण कोन्हीच टाकत नही!"

तानुबाईने माझ्या कपाळाकडे पाहिले. "कुंकू लायेल शे हिले," ती म्हणाली आणि पदराने पाटी पुसली. मला त्या दिवशी वाटले, आपण माहेरी आलो.

गावात मात्र सगळेच असे नव्हते. लखीचंद शेठ हे दुसरे मोठे व्यापारी. अंगाने तीन माणसांएवढे आणि जिभेने तिखट. त्यांच्याकडे दुसऱ्या देशाची मोठी मोटार होती. छतावरच्या रस्त्याची गोष्ट ऐकून ते पोट धरून हसले.

"मोहनलालजी, छपरावर मांजर पळते, मोटार नव्हे! विकणाऱ्याने तुम्हाला टोपी घातली."

तेव्हापासून बाजारात माझे नाव पडले, छपरावरची मांजर. मी मनात म्हटले, म्हणा. पळून दाखवीन.

एक वर्ष मी पळून दाखवलेही. अमळनेर, पारोळा, जळगाव, धुळे. चिखल, धूळ, नाल्यांची वाळू. एकदाही अडले नाही. माझ्या इंजिनातले तेल बदलायला महिन्याला जीवराम मिस्त्री येत. चुडामण फक्त पाणी भरी आणि मला पुसून काढी. इतके पुसे की शेठ म्हणत, "रंग ठेव रे थोडा."

मग आला पोळा.

मित्रांनो, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते, हे तुम्हाला माहीत आहे. वर्षभर जू वाहून दुखावलेले खांदे हळद आणि तूप लावून मळतात. काही घरी बैलांना तेल आणि हळद पाजतात, म्हणजे अंगात जोर येतो. यंत्रांची पूजा दसऱ्याला असते, पण चुडामणच्या लेखी मी यंत्र नव्हतेच. त्याने आधी गोठ्यातली जोडी मळली. मग माझ्याकडे आला. माझ्या पुढच्या चाकांवरच्या दोन्ही पंखांना हळदतूप चोळले. आणि ज्या तोंडातून मिस्त्री तेल ओतत, ते उघडून त्यात शेरभर उत्तम एरंडेल, वर मूठभर हळद घालून, ओतले.

"पी, माय," तो म्हणाला. "वरीसभर वढं तू."

मी काय बोलणार? मला वाचा नव्हती. आणि खरे सांगते, इतक्या मायेने मला त्याआधी कोणी काही दिले नव्हते.

पण माझ्या पोटातले तेल वेगळ्या जातीचे होते. दोन्ही तेले एकजीव झाली नाहीत. एरंडेल तापले, आटले, डिंकासारखे चिकट झाले. हळदीचा गाळ तेलाच्या जाळीत बसला. दहाव्या दिवशी, पारोळ्याच्या रस्त्यावर, गावापासून दोन कोसांवर मी धापा टाकत थांबले. मागून लखीचंद शेठांची मोटार आली. त्यांनी ती मुद्दाम हळू केली.

"काय मोहनलालजी, मांजरीला उंदीर दिसला का?"

शेठांचा चेहरा काळवंडला. बैलांची जोडी मागवून मला ओढत गावात आणले. वेशीपासून जिनापर्यंत माणसांची रांग लागली होती. जीवराम मिस्त्री आले. त्यांनी इंजिन सुरू करायचे हँडल फिरवून पाहिले, ते फिरेना. घाईत होते, आत न पाहताच म्हणाले, "शेठ, विलायती माल. आतून जाम झालाय. दमलं असेल यंत्र."

शेठ संतापले होते. "मग काढा ते इंजिन! उद्या सकाळी हिला जू लावा. बैल ओढतील, निदान बसायला गादी तरी आहे. आणि ती लाल पाटी आधी उपटून टाका. त्या कारखान्याचे नावसुद्धा मला दारात नको."

मित्रांनो, लोखंडालाही अपमान कळतो. माझे इंजिन गेले असते तर मी सोसले असते. पण मला घडवणाऱ्या हजारो हातांना माझ्यामुळे शिवी बसली होती, आणि ती खोटी होती.

दुपारी तानुबाई चुडामणची भाकरी घेऊन जिनात आली. तो माझ्या पायरीवर डोके धरून बसला होता. फडके सोडायलाही त्याने हात हलवला नाही.

"जेवा ना," ती म्हणाली. "गाडी अडनी, त्यामा तुमना काय दोस?"

तिने निरखून पाहिले. नवऱ्याला ती वीस वर्षे ओळखत होती.

"तुम्हीन काय पाजं तिले?"

"बैलले जे पाजं तेच," तो हळूच म्हणाला. "पोयाना सन. बैलले चालस ते हिले काबर चालत नही?"

तानुबाईने कपाळावर हात मारला. "मंग शेठले बठ्ठं सांगी टाका!"

"नोकरी जाई."

"नोकरी जाई ते जाऊ द्या. आपन कापूस येचूत. पन जिनं नाव जाई ऱ्हायनं, ती मुकी शे."

चुडामण भाकरी तशीच टाकून उठला.

शेठ जिनातल्याच पेढीवर बसले होते. समोर लखीचंद शेठ गंमत पाहायला येऊन बसले होते. जीवराम मिस्त्री हातात पेचकस घेऊन माझ्या पाटीकडे निघालेच होते. चुडामण माझ्यापुढे आडवा उभा राहिला.

"पाटीले हात लावू नका, मिस्त्रीभाऊ." मग तो वळला. "शेठजी, गाडी चांगली आहे. कारखाना चांगला आहे. चूक माझी आहे. खांदेमळणीला मी तिच्या पोटात एरंडेल ओतलं. हळद घालून."

मग लखीचंद शेठ असे हसले की गादीवरचा लोड घसरला.

"हळद घालून! लग्न लावलं का रे तिचं?"

मोहनलाल शेठ हसले नाहीत. "वर्षभर तुझ्या हातात दिली होती मी गाडी," ते म्हणाले. "आजपासून तू सुटलास."

"सुटलो," चुडामण म्हणाला. त्याची नजर खाली गेली नाही. "पण आधी तिचं पोट साफ होऊ द्या. मग मला एकदा तिच्यावर बसू द्या. लळिंगचा घाट न थांबता चढली नाही, तर मीच बैल जुंपीन आणि ती पाटी माझ्या हातानं काढीन."

लळिंगचा घाट म्हणजे धुळ्याच्या पलीकडचा, किल्ल्याच्या पायथ्याचा चढ.

"मी येतो बसायला!" लखीचंद शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले. "माझं वजन घेऊन चढली, तर मी भर बाजारात म्हणेन, मोटार छपरावर पळते!"

मोहनलाल शेठांनी मान डोलावली, आणि जीवराम मिस्त्रींनी माझे पोट उघडले. आतली पिवळी खळ पाहून ते ओशाळले. आधी न पाहता बोललो, हे त्यांनी शेठांजवळ कबूल केले. चार दिवस चुडामण आणि ते रॉकेलने माझा एकेक तुकडा धूत होते. चुडामण आता प्रत्येक भागाचे नाव विचारी, काम विचारी. एक वर्ष मला पुसणाऱ्या माणसाने त्या चार दिवसांत मला ओळखले.

पाचव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पुढे चुडामण आणि जीवराम, मागे दोन्ही शेठ. लखीचंद शेठ बसले तेव्हा माझ्या खालच्या स्प्रिंगांच्या कमानी करकरल्या. मी मनात म्हटले, बसा. छतावरच्या वळणांवर मला याहून कठीण पारखले आहे.

घाट लागला. चुडामणची जीभ टकटक करू लागली. मी गुरगुरत, पण एका लयीत चढत होते. अर्धा चढ सरला. सगळ्यात उभ्या वळणावर समोरून लाकडाने भरलेली बैलगाडी उतरत आली. माझा आवाज ऐकून बैल बुजले. जू हिसकत ते दरीच्या कडेकडे सरकू लागले. गाडीवान ओरडत होता. आम्ही तसेच पुढे गेलो असतो, तर पैज राहिली असती. बैल राहिले नसते.

चुडामणने ब्रेक दाबला. "हो, हो, हो." आणि इंजिन बंद केले.

"थांबली!" लखीचंद शेठ ओरडले. "मांजर थांबली! हरलास!"

चुडामणने मागे वळून पाहिले. "शेठजी, गाडी थांबली नाही, मी थांबवली. तिला नाव ठेवू नका." तो उतरला, बैलांच्या वेसणीला हात घातला, त्यांच्या कपाळांवर थोपटले, आणि ती गाडी हळूहळू आमच्या शेजारून खाली नेऊन दिली.

परत आला तेव्हा जीवराम माझ्या मागच्या चाकाला दगड लावून उभे होते. "चुडामण, धावत्या गाडीने चढणं सोपं," ते कुजबुजले. "इथून, उभ्या चढावर, इतक्या वजनाने निघणं अवघड आहे. शेठना उतरायला सांगू का?"

"नको," चुडामण म्हणाला. "बसू द्या."

जीवरामांनी पुढे येऊन हँडल फिरवले. मी जागी झाले. चुडामणने मला दामटले नाही, घाबरवलेही नाही. क्लचवरचा पाय हळू सोडला. माझी चाके खडीवर घसरली, एकदा, दोनदा. मला तो छतावरचा पहिला दिवस आठवला. मी म्हटले, पाटी माझ्या कपाळावर आहे, आणि ती उतरणार नाही. तिसऱ्यांदा चाकांनी रस्ता धरला. मी निघाले. जीवराम पळत येऊन पायरीवर चढले. माथा येईपर्यंत कोणी श्वास घेतला नसावा.

माथ्यावर वारा सुटला होता. चुडामणने टोपी काढून कपाळ पुसले. "शेठजी," तो म्हणाला, "मांजर चढनी बरं!"

लखीचंद शेठ तिखट होते, पण शब्दाचे पक्के होते. पुढच्या बाजारच्या दिवशी, कापसाच्या ढिगावर उभे राहून ते ओरडले, "ऐका हो, मोटार छपरावर पळते! मी बसून आलो!" मोहनलाल शेठांनी चुडामणला परत ठेवले. म्हणाले, "चूक कबूल करणारा ड्रायव्हर मला दुसरा कुठे मिळणार? आणि तेलाच्या तोंडाला आता मी कुलूप घालतो."

त्यानंतर मी बारा वर्षे धावले. १९४० साली इटली युद्धात उतरली, आणि माझी पाटी पाहून लोक म्हणू लागले, शत्रूची गाडी. माझ्या कारखान्याने तेव्हा सैन्यासाठी गाड्या आणि विमाने बनवली, हे खरे. ते मी लपवत नाही, आणि त्याचा झेंडाही मिरवत नाही. पण कोणी पाटीवर शेण फासले की चुडामण दुसऱ्या सकाळी ती धुऊन काढी. विचारणाऱ्याला तो म्हणे, "लळिंग चढली तेव्हा ही कोणाच्या बाजूने होती? आपल्याच ना?" पुढे पेट्रोल मिळेनासे झाले, आणि मी इथे येऊन उभी राहिले. आता देश स्वतंत्र झाला आहे. जिनात नवी मालमोटार आली आहे. तिचा भोंगा माझ्यापेक्षा मोठा आहे. असू द्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे यंत्र अडेल, एखादे जनावर बसेल, एखादे मूल मागे पडेल. लगेच म्हणू नका की त्याचे घराणेच वाईट. आधी विचारा, आपण त्याच्या पोटात काय घातले? मायेने घातले असेल तरीही विचारा. माया असावी, पण जिच्यावर माया करायची तिची ओळख आधी करून घ्यावी. आणि चूक आपली निघाली, तर मुक्या जिवाच्या पुढे आडवे उभे राहून ती सांगावी.

काल खांदेमळणी होती. चुडामणचे केस पांढरे झाले आहेत. गोठ्यातली जोडी मळून झाल्यावर तो वाटीत उरलेली हळद घेऊन माझ्याकडे आला. तानुबाई मागून ओरडली, "अहो, काय करी ऱ्हायनात?"

"पोटले नही व," तो म्हणाला, "कपायले."

आणि त्याने माझी लाल पाटी पुसून तिच्यावर हळदीचे बोट टेकले.