सातव्या मजल्यावरचा तीन पदरी कागद

जहाज चौदा मजल्यांचं होतं, आणि त्यातल्या कुठल्याही मजल्यावर कुणी संडासाचं बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं, की खाली दुसऱ्या मजल्यावर एका माणसाचे कान टवकारले जायचे. हा माणूस जहाजाचा प्लंबर. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. जहाजावर सगळे त्याला तुंबेभाऊ म्हणायचे. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

जमिनीवर बरं असतं. बादलीभर पाणी ओतलं की काम भागतं. जहाजावर पाणी मिळतं पेलाभर, बाकीचं सगळं हवेवर चालतं. बटण दाबलं की नळातली हवा खसकन सगळं ओढून नेते, आणि तो आवाज असा, की पहिल्यांदा आलेला प्रवासी दचकून भिंतीला पाठ लावून उभा राहतो. एवढा दरारा, पण नळ मनगटाएवढा. त्यात एका खोलीचा कागद अडकला की त्या ओळीतल्या वीस खोल्यांची हवा जाते आणि वीस खोल्यांतले लोक एकाच वेळी फोन उचलतात. म्हणून जहाजावरचा कागद पातळ ठेवतात. पाण्यात पडला रे पडला की विरघळला पाहिजे.

प्रवाशांना हे कोण सांगणार? ते घरी गेले की लिहून पाठवायचे: जेवण उत्तम, समुद्र उत्तम, कागद मात्र बोट आरपार जाईल असा. ही पत्रं वाचायच्या हॉटेल मॅनेजरबाई. खोल्या, जेवण आणि पाहुण्यांचं समाधान ही सगळी खाती त्यांची. त्यांनी तीन पदरी, मऊ कागद आणायचं मनावर घेतलं, तसा प्लंबर दोन बाटल्या घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेला. दोन्हींत पाणी भरलं, एकीत पातळ कागद टाकला, दुसरीत जाड, आणि दोन्ही दहा-दहा वेळा हलवल्या. पातळ कागदाचं दूध झालं. जाड कागद मजेत तरंगत राहिला.

"बघा," प्लंबर म्हणाला.

"पाहुणे बाटलीत राहत नाहीत," बाई म्हणाल्या. "मी एक मजला घेते. सातवा. दहा दिवसांची एक फेरी तिथे जाड कागद ठेवू. तुंबण्याच्या तक्रारी वाढल्या तर तुमचं खरं. नाही वाढल्या तर सगळ्या जहाजावर हाच कागद."

चीफ इंजिनिअर प्लंबरच्या बाजूचा होता. त्याच्या टेबलावर एक अर्ज तयार पडलेला: पुढचे नऊ महिने, पद मुख्य प्लंबर. प्लंबरचा करार याच फेरीअखेर संपत होता. तो म्हणाला, "साहेब, पातळ कागद राहिला तर डोळे झाकून सही करतो. जाड आला तर नऊ महिने माझं डोकं नळातच राहील, मग मात्र विचार करावा लागेल." चीफ म्हणाला, "तू फक्त नोंदी नीट ठेव."

नोंदींची काळजीच नको. तुंबलेली खोली, वेळ, कारण, असे तीन रकाने. अकरा वर्षांत त्यात एक खोटं अक्षर नव्हतं. कारणाच्या रकान्यात त्याने कवळी लिहिली होती, मोजा लिहिला होता, एकदा तर एका बाईंच्या नवऱ्याला आलेलं प्रेमपत्र लिहिलं होतं, आणि ते बाईंनी लिहिलेलं नव्हतं हेसुद्धा.

नेमकी याच फेरीला त्याची बायको जहाजावर आली. कामगारांच्या घरच्यांना पाच वर्षांतून एकदा सवलत मिळायची, पण ती आजवर कधी आली नव्हती. यंदा मुलीला मावशीकडे ठेवून निघाली. "समुद्र बघून येते," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. कंपनीने तिला खोली दिली सातव्या मजल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, नवरा-बायको दहा दिवस एकत्र. कसले एकत्र! अधिकारी असता तर गोष्ट वेगळी. साध्या कामगाराने प्रवाशांच्या मजल्यावर कामाशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि प्रवाशाने कामगारांच्या मजल्यावर उतरायचं नाही. बंदरावर भेटावं, तर जहाज बंदराला लागलं की प्रवासी बाहेर जातात, आणि तेवढ्यातच टाक्या नि नळ उघडायचे असतात. पहिल्या दिवशी तो जिन्याच्या दारापाशी पाच मिनिटं तिला भेटला. बायको म्हणाली, "वाळलात." तो म्हणाला, "तू कशी आहेस?" तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. संपली भेट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार आली. सातवा मजला, खोली बेचाळीस, संडास तुंबला. बायकोचीच खोली. नियम असा होता की तक्रार आली की वीस मिनिटांत माणूस दारात हवा. प्लंबर चौदाव्या मिनिटाला पोचला. त्याने वरून दाबाने हवा मारली, तुंबलेलं खाली टाकीत ढकललं, काम फत्ते. बायकोने चहा मागवून ठेवला होता. तो बाथरूमच्या उंबऱ्यावर टेकून प्यायला. मुलीला गणितात कमी मार्क पडलेत, शेजारचे घर विकून गेले, एवढं कळेपर्यंत वेळ संपली. खाली येऊन त्याने लिहिलं: कारण, जाड कागद. मनात म्हणाला, मी सांगत होतो ना.

तिसऱ्या दिवशी परत बेचाळीस. चौथ्या दिवशीही. मजल्यावर इतर ठिकाणी मिळून एकदाच तुंबलं होतं, पण ते कोण बघतंय? चीफ खुशीत होता. "तुझ्या घरच्यांनी बाजू लावून धरली," असं म्हणून त्याने पाठ थोपटली. प्लंबरही खुशीत होता. एक तर त्याचं म्हणणं खरं ठरत होतं, दुसरं म्हणजे बायको रोज दिसत होती. सुट्टीचे दिवस सोडले तर अकरा वर्षांत इतक्या लागोपाठ तिला पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, मुलगी आता तिच्या खांद्याच्या वर गेली आहे. त्याने हात धरून विचारलं, "एवढी?" ती म्हणाली, "अजून वर." त्याने हात वर नेला. "अजून," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी नुसत्या हवेने काम होईना. जे काय होतं ते घट्ट बसलं होतं. बायको दार लोटून ठेवून बिस्किटं आणायला वरच्या दुकानात गेली होती. त्याने भिंतीची फळी काढली, जोड सोडवला आणि आकड्याने बोळा बाहेर ओढला. चांगला मुठीएवढा बोळा. त्याने तो सवयीने उलगडला आणि उजेडात धरला.

जहाजाचा तीन पदरी कागद पांढराशुभ्र होता. या कागदावर निळी फुलं होती. ही फुलं तो ओळखत होता. त्याच्या घरच्या फळीवर हाच कागद असायचा, मुलीच्या आवडीचा.

बायको आली तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि बोळा पुढ्यात वर्तमानपत्रावर ठेवला होता.

"हे तू मुद्दाम टाकलंस," तो म्हणाला.

तिने पिशवी खाली ठेवली. "हो."

"रोज?"

"रोज. पहिल्या दिवशी अर्ध्या रोलने काहीच होईना. मग पाण्यात न भिजवता एकदम टाकायचं कळलं."

"हा कागद आणलास कुठून?"

"घरून. सहा रोल. तुम्हीच म्हणायचात ना, कामगारांचा कागद खरखरीत आहे म्हणून. तुमच्यासाठी आणले होते. पण द्यायला तुम्ही भेटायला तर हवेत."

प्लंबरला राग यायला हवा होता, आणि आलाही. "अगं, वीस खोल्यांची हवा जाते. शेजारच्या खोलीतली म्हातारी काल अर्धा तास ताटकळली. माझ्या वहीत तीन दिवस खोटं चाललंय आणि मला पत्ता नाही. अकरा वर्षं मी या वहीत..."

"अकरा वर्षं," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, प्लंबर बोलाव. बाबा गेले तेव्हा फोन केला. तुम्ही सातव्या दिवशी आलात. मुलगी रात्रभर तापली तेव्हा फोनच केला नाही, म्हटलं काय उपयोग. इथे आले. भिंतीवर पाटी आहे, तक्रार केल्यास वीस मिनिटांत माणूस येईल. मी म्हटलं, करून बघू. खरंच आलात. चौदाव्या मिनिटाला. घड्याळ लावून बसले होते मी." तिने डोळे पुसले आणि पिशवीतली बिस्किटं बाहेर काढली. "म्हणून दुसऱ्या दिवशी परत केली."

 नळात काय अडकलं ते त्याला हाताने कळायचं, पण इथे हात घालायचा कुठे? त्याने तीन बिस्किटं खाल्ली. मग म्हणाला, "हे वहीत लिहावं लागेल."

"लिहिलं तर काय होईल?"

"बाईंचा कागद जिंकेल. सगळ्या जहाजावर येईल. आणि मला या मजल्यावर पाठवणार नाहीत."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी जिंकेन. मुख्य प्लंबर. नऊ महिने."

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र होता तसाच होता. "मी नाही काही सांगत," ती म्हणाली. "तुमची वही, तुम्ही बघा."

खाली जाऊन त्याने बेचाळीसच्या जुन्या तिन्ही नोंदींतलं कारण खोडलं, चौथी नवी लिहिली आणि चारांच्या शेजारी एकच कारण लिहिलं: प्लंबरची बायको. अक्षर नेहमीसारखं ठळक काढलं. वही चीफकडे गेली, चीफकडून मॅनेजरबाईंकडे. बाईंनी ती दोनदा वाचली. हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो त्यांना जमला नाही. फेरीभरात मजल्यावर खरी तक्रार एकच निघाली, म्हणजे पातळ कागद असताना होत असे तेवढीच. तीन पदरी कागद पास झाला. उरलेले पाच दिवस सातव्या मजल्यावर दुसरा प्लंबर गेला. त्याला बेचाळीस नंबरकडून एकही तक्रार आली नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी चीफने त्याला बोलावलं. किनारा दिसायला लागला होता आणि वर सामान हलवण्याची गडबड चालू होती. चीफ रागावलेलाच होता, पण अर्ज त्याने तरीही पुढे सरकवला.

"लाज आणलीस," तो म्हणाला. "ठीक आहे. आता जाड कागद येणार म्हटल्यावर तू हवासच. दुसऱ्या कुणाला हे झेपायचं नाही. सही कर."

"नको, साहेब."

"कागदामुळे ना? मला माहीत होतं. जोडीला एक माणूस देतो."

हो म्हणून टाकलं असतं तर चाललं असतं. कारण पटण्यासारखं होतं, आणि चीफला तेच ऐकायचं होतं. प्लंबरने पेन उचललं, पाहिलं आणि होतं तिथे ठेवलं.

"कागदाचं काही नाही," तो म्हणाला. "माझ्या घरून तक्रार आहे."

"कसली तक्रार?"

"माणूस येत नाही म्हणून."

"कधी केलेली?"

"अकरा वर्षं झाली, साहेब," तो म्हणाला. "मला आत्ता मिळाली."